कुड्याची साल देण्याआधी

प्रिय बाबा,

आज दुपारी शेजारच्या शोभाकाकू वसंताकाकांसाठी कुड्याची साल मागायला आल्या. म्हणूनच तुम्हाला लिहायला बसले.

काकांना सकाळपासून जुलाब लागले होते. मी तुमचा सालीचा डबा काढला आणि तुमचेच तीन प्रश्न विचारले. काय खाल्लं? कोणत्या विहिरीचं पाणी प्याले? किती वेळा गेले? ही उत्तरं मिळाल्याशिवाय तुम्ही सालीचा तुकडा कुणाच्या हातावर ठेवला नाही. दिग्रसहून एसटीनं आलेल्यांनाही सूट नव्हती!

मी साल मोडत होते, तर काकू म्हणाल्या, "घाम तर एवढा, अन् तोंडातून लाळ गळून राह्यली."

लाळ! बाबा, तुमचीही उशी भिजली होती.

त्या दिवशी तुम्ही कपाशीवर कीटकनाशक फवारून आलात, तेव्हा त्यानंच ओला झालेला सदरा पाठीला चिकटला होता. मग उलट्या, जुलाब. तिन्ही प्रश्न तुम्ही स्वतःलाच विचारलेत, उत्तरंही स्वतःच दिलीत आणि म्हणालात, "पोट बिघडलं फक्त. दवाखाना कायले? साल उकळ."

मी उकळली. ताकातून दिली, दोनदा.

शेवटी दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी एकच विचारलं, फवारणी कधी केली? खाण्यापिण्याचं काहीच नाही. तोवर उशीर झाला होता, तुम्ही घरी परतला नाहीत. अख्ख्या गावाची पोटं ओळखणारे तुम्ही, तुम्हाला स्वतःच्या सदऱ्याचा वास आला नाही? पण मला तरी कुठं आला! त्या दिवसांत साऱ्या गावालाच तो वास होता.

आज काकूंना विचारलं, काकांनी फवारणी केली का?

"काल दिवसभर. काहून?"

मी डबा बंद केला. काकांचे कपडे उतरवायला लावले, अंग साबणानं धुवायला लावलं आणि ऑटोत बसवून दिलं. आत्ताच फोन आला, वेळेत पोहोचले. ऐकलं आणि मी ओसरीतच बसून रडले. काकांसाठी नाही, ताकाच्या त्या दोन पेल्यांसाठी.

तुम्हालाही कुणीतरी विचारायला हवं होतं, बाबा. मी तर घरातच होते.

तुमचा डबा मी फेकणार नाही. साल मागायला येईल त्याला देईन. पण आता प्रश्न चार असतील, आणि फवारणीचा पहिला. त्याचं उत्तर 'हो' आलं, तर डबा उघडणार नाही.

तुमच्यासाठी साल उकळणारी,
मंदा