मावशीची जीप आणि विहिरीचं पाणी

१६ मार्च २०२५, रविवार. सकाळी ७.१०
आळीतल्या हेमामावशीच्या जीपखाली ताडपत्रीवर आडवा, रेडिएटरच्या खालच्या कॉकला हात लावलेला. तेवढ्यात मामाचा फोन. "थांब. किशोर येतोय. तो करेल, तू बघ."

चार वर्षं या जीपचं कूलंट मी बदलतोय. किशोर मामाच्या गॅरेजात येऊन तीन महिने झाले. समुद्रापासून आत, वेवजी गावचा, आयटीआय पास. माझं दहावीचं गणित राहिलंय. बिलं अजून मीच लिहितो, कारण त्याचं अक्षर लागत नाही. म्हणजे काम त्याचं, बिल माझं.

मी कॉक सोडला की पाच लिटर निघतं. कि.ने इंजिनाच्या कुशीतला गंजलेला एक प्लग सोडला. आणखी चार लिटर, तपकिरी, गाळासकट.
"विनूदादा, हा ब्लॉकचा. हा नाही खोलला तर जुनं आतच राहतं."
चार वर्षं जुनं आतच ठेवत आलो. त्याने टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

त्यामुळे भरायला कमी पडलं. आणलं होतं कूलंट तीन लिटर, डिस्टिल्ड पाणी तीन. हवं नऊ. कि. बादली घेऊन किनाऱ्यालगतच्या विहिरीवर गेला.

ती विहीर होळीनंतर खारी होते. आमच्या आळीत तिच्या पाण्याने फक्त जाळी धुतात, पोरंसुद्धा तोंडात घेत नाहीत. वेवजीच्या माणसाला हे कुठून माहीत? मला माहीत होतं. हाक मारायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

हवा निघावी म्हणून जीप होड्यांच्या उतारावर नाक वर करून लावायची, ही युक्ती माझी. मी सांगितली, त्याने लावली. मामा आला तेव्हा जीप तशी उभी होती. "वा किशोर, डोकं आहे!" कि. म्हणाला, "शेठ, ही विनूदादाची." मामाने ऐकलं नाही. किंवा ऐकलं.

दुपारच्या भरतीला दोन होड्या वाळूवरून वर ओढल्या. जीपच्या तापमानाचा काटा मध्याच्या खालीच.

१७ मार्च, सोमवार
मामा जेवताना: "तलासरीला हायवेवर दुसऱ्या गॅरेजसाठी गाळा बघितलाय. एकाला तिकडे बसवायचंय." बोलताना बघत होता कि.च्या हाताकडे. हात माझेही आहेत. त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे मी.

जीप तापली तर कि.चं नाव जाईल. लिहिल्यावर फार वाईट दिसतंय. खोडणार नाही.

१९ मार्च, बुधवार
काही सुचत नाही. मिठाचं पाणी आतून किती दिवसांत खातं, कोणाला विचारू? विचारलं की का विचारतोस.

सकाळी इंजिन गार असताना जाऊन झाकण उघडलं. कूलंट हिरवं आहे, पण तोंडाच्या कडेला विटकरी रेघ. आधी नव्हती. की होती? रविवारी नीट बघितलं नाही, मी बादलीकडे बघत होतो.

मावशीच्या नवऱ्याचा गुडघा गेल्यापासून सगळं त्या जीपवर आहे. होड्या ओढायच्या तीच, मासळीच्या पाट्या बाजारात न्यायच्या तीच. इंजिन बसलं तर...

दुपारी कि.ने त्याचा सतरा नंबरचा रिंग पाना माझ्या हातात दिला. "ठेव दादा. ब्लॉकच्या प्लगला हाच बरा, तुझ्या पान्याने कडा झिजतात." म्हणजे माझ्या पान्यातही खोट. तरी घेतला.

२२ मार्च, शनिवार
भांगाची लहान भरती. होड्या वर, जीप मोकळी. मामाला सांगितलं, पोट बिघडलंय. सामान आगगाडीच्या फाटकाजवळच्या दुकानातून घेतलं, आमच्या नेहमीच्या दुकानातून नाही.

दोन्हीकडून रिकामं केलं. प्लग पहिल्या झटक्यात सुटला, त्याच्याच पान्याने. डि. पाणी भरून इंजिन चालवलं, गार होऊ दिलं, ते पाणी काढलं. मग नवं. नाक वर, हीटर चालू, वरचा पाइप दाबून दाबून बुडबुडे काढले. निघालेलं कूलंट टबात धरलं, गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात.

मावशी बाजूलाच दोरीवर बोंबील टाकत होती.
"किशोरने रविवारी केलं ना रे? परत काय?"
"क्लिप ढिली होती, मावशी."
"क्लिपला पंधरा लिटर पाणी लागतं?"
मी पाइप पुसत राहिलो.
"त्याला विहिरीवर बादली भरताना मी बघितलं," ती म्हणाली. "म्हटलं, विनू उभा आहे, आपल्या आळीतला आहे. चालत नसतं तर ओरडला असता."

हातातले बोंबील तिने दोरीवर टाकून संपवले. मग चहा आणला. साखर नेहमीएवढीच होती.
"मामाला तू सांगतोस की मी सांगू? उद्या पाच वाजता बिलाचे पैसे द्यायला येणार आहे मी."

२३ मार्च, रविवार. दुपारी ४.२०
मामाने बाजूला घेतलं. "खरं सांग विनू. तलासरीची चावी किशोरला देऊ? कामात खोट नाही ना त्याच्या?"

कि. समोर नळावर हात धूत होता. पाणी बंद करून थांबला.

अर्धं सांगितलं तर तेही खरंच आहे. बादली त्याने भरली. पुरं सांगितलं तर मामा मला तलासरीच काय, या गॅरेजातही ठेवेल की नाही. "संध्याकाळपर्यंत सांगतो," म्हणालो.
मामा म्हणाला, "त्यात विचार कसला?"

कि.ने मला चहा आणून दिला. मला त्याचा इतका राग येतो, आणि राग यावा असं त्याने एकही काम केलेलं नाही.

रस्त्याच्या टोकाला मावशी दिसतेय. पाच वाजले नाहीत अजून.

खर्च: कूलंट ५ लि. १५००. डि. पाणी १५ लि. ३००. प्लगचा तांब्याचा वायसर १५. एकूण १८१५.
त्यातले आईकडून उसने घेतलेले, देणे ८००.
मावशीकडून घेणे काही नाही.
किशोरला देणे: पाना, सतरा नंबर. अजून माझ्या खिशात आहे.