गाडी कशासाठी वापरता?

दि. ४ मार्च

प्रिय ठमे,

आईचे भरभरून आशीर्वाद. जावईबापूंना मी विचारलंय म्हणून सांग, आणि त्यांचा खोकला गेला का तेही कळव.

इकडे सगळं ठीक आहे. फोनवर मी 'ठीक' म्हटलं की तू लगेच 'नक्की?' विचारतेस, म्हणून आज लेखीच देते. आणि फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत तुझे तीन प्रश्न येऊन पडतात. शिवाय सोबतचे कागद काही फोनमधून येत नाहीत.

तू आमच्यासाठी केलेल्या खोलीचे फोटो पाहिले. मोठी झालीय गं! न्हाणीघरात धरायला दांडा, पलंगाशेजारी बटण, बाबांच्या खुर्चीला खिडकी. सगळ्याचा विचार केला आहेस. बाबांनी चष्मा लावून पाहिले, परत पुसून पाहिले, आणि 'चांगली आहे' म्हणाले. तुला माहीतच आहे, त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे भाषणच झालं.

बरं, आता कामाचं. काम किरकोळच आहे.

तू आम्हाला घेऊन दिलेली व्हॅन तुझ्या नावावर आहे आणि तिचा कर खासगी वापराचा भरला जातो. तो आता व्यावसायिक करून घ्यायचाय. म्हणजे असं झालं की, खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याला दुकान दोन गल्ल्या पलीकडे हलवायचं होतं. काचेची कपाटं. टेम्पोवाले ऐकूनच पळाले. मी म्हटलं, आमची गाडी नुसती कापड पांघरून बसलीय, न्या की. मागची बाकं काढली, मी चालवायला बसले. चष्मेवाला दोरी बांधायला लागला आणि बाबा वर खिडकीतून बघत होते. तुला सांगते, निवृत्त झाल्यापासून जो माणूस खुर्चीतून पेपरसाठीसुद्धा उठत नव्हता, तो दाढीचे खुंट तसेच घेऊन चपला फटफटवत खाली आला आणि म्हणाला, "बाजूला व्हा. ही काय गाठ आहे? हे तर बुटाचे बंद झाले!" जन्मभर छापखान्यात गठ्ठे बांधलेला माणूस तो. एकही काच तडकली नाही.

चष्मेवाल्याने दहाजणांना सांगितलं. आता एकट्यादुकट्याचं बिऱ्हाड हलवायचं असलं की लोक आमचं दार वाजवतात. भाडं घेतो हो, फुकट करत नाही. फुकटची गाडी लोक कचऱ्यासारखी वापरतात, हे दुसऱ्याच खेपेला कळलं.

तू घाबरू नकोस. आमचं ठरलेलं आहे: उचलायचं गिऱ्हाइकानं, बांधायचं बाबांनी, चालवायचं मी. बाबा एक उशीसुद्धा उचलत नाहीत. फक्त ओरडतात.

वाहनकर कार्यालयातली खिडकीवरची बाई मोठी मजेदार होती. मी म्हटलं, "अहो, गाडी तर तीच आहे, मग कर वेगळा का?" ती म्हणाली, "गाडीत काय भरता त्याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही, मावशी. कशासाठी भरता ते सांगा. स्वतःचं कपाट नेलंत तर खासगी, भाडं घेऊन दुसऱ्याचं नेलंत तर धंदा." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "लोक इथे धंद्याची गाडी घरची दाखवायला येतात. उलटं करून मागणाऱ्या तुम्हीच." मला उगाचच मान ताठ झाल्यासारखं वाटलं.

तर कागदांवर पेन्सिलीने फुल्या केल्यात तिथे सह्या कर आणि पाठव. घाई नाही. पण लवकर पाठव.

तुझी
आई


दि. ११ मार्च

आई,

तुझं पत्र मिळालं. त्याच्या आदल्या दिवशी वाहनकर कार्यालयाचंही मिळालं, कारण गाडी माझ्या नावावर आहे. 'किरकोळ काम' काय? तुम्हाला रस्त्यात अडवलं होतं, लेखी ताकीद दिलीय, आणि महिन्याभरात कर बदलला नाही तर गाडी जप्त होईल असं त्यात स्वच्छ लिहिलंय. यातलं एक अक्षर तू मला सांगितलं नाहीस.

ती गाडी मी तुम्हाला फिरायला घेऊन दिली होती. बाबांना दवाखान्यात न्यायला सोयीची म्हणून. त्यांच्या छातीत दुखलं होतं ते विसरलीस का? आणि ते आता लोकांची कपाटं बांधत फिरतात?

मला एकच गोष्ट कळत नाही. मे महिन्यात तुम्ही इकडे कायमचे येताय. येण्याआधी गाडी विकायची असं आपलं ठरलंय. मग दोन महिन्यांसाठी जास्तीचा कर, नवा विमा, तपासणी हे सगळं कशाला? भाडी घेणं बंद करा, झालं. सही करायला माझी हरकत नाही, पण आधी मला याचं उत्तर दे. गोल गोल नको.

खोलीला रंग लावून झाला. दोघांनी मिळून लावला.

ठमी


दि. १६ मार्च

प्रिय ठमे,

तू लहानपणी गणित सुटेपर्यंत जेवायला उठायची नाहीस. तशीच आहेस अजून. बरोबर जागी बोट ठेवलंस. आता सरळ सांगते.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी एका ग्रंथपालबाईंचं सामान न्यायचं होतं. पन्नाशीच्या आसपासच्या. भावाकडे राहायच्या, लग्न केलं नव्हतं. आता नदीपलीकडे दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. आम्ही गेलो तर सामान म्हणजे पुस्तकांची खोकी, एक टेबल आणि एक दिवा. भाऊ-भावजय दारात उभे. भावजय रडत होती, खरं रडत होती. भाऊ स्वतः खोकी उचलून गाडीत ठेवत होता आणि दर खोक्याला म्हणत होता, "ताई, अजून विचार कर. इथे काय कमी आहे?"

बाईंनी दिवा तेवढा स्वतःच्या हातात घेतला. गाडीत माझ्या आणि बाबांच्या मध्ये बसल्या. बरंच पुढे गेल्यावर मी न राहवून विचारलं, "त्रास होता का हो तिथे?"

"छे! जिवाला जीव देणारी माणसं आहेत."

"मग?"

"चहा करायचा असला तरी मी आधी विचारायची, कुणाला हवाय का. त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं विचारायला. पण मी विचारायची."

त्यावर बाबांनी मान वळवली आणि काचेतून बाहेर बघत राहिले.

पुलाच्या अलीकडे तपासणी चालली होती. एका साहेबाने हात केला. तरुण होता, वागायला सभ्य. कागद पाहिले, मागे खोकी पाहिली. "खासगी गाडी आहे ही. हे सामान कुणाचं?"

मी तोंड उघडायच्या आत ग्रंथपालबाई म्हणाल्या, "माझं. ही माझी मावशी आहे. घर बदलायला मदत करतेय."

बघ, किती सोपं होतं. त्या पन्नाशीच्या, मी पासष्टीची, मावशी शोभलेही असते. साहेबाने कागद मिटून परत द्यायला हात पुढेसुद्धा केला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे 'चल, सुटलो'.

आणि ठमे, मला ते कागद घेववेनात. लग्नाआधी मी बापाची मुलगी होते, मग यांची बायको, मग तुझी आई, आणि यातल्या कशाचंही मला वाईट वाटत नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचीही कुणी नसताना एक काम करत होते, लोक माझा दरवाजा त्या कामासाठी वाजवत होते, आणि तिथे मी परत मावशी होऊन सुटायचं? मी म्हटलं, "नाही साहेब. या बाई आमच्या गिऱ्हाईक आहेत. भाडं ठरवून नेतेय. ही गाडी मी धंद्याला लावलीय."

साहेब माझ्याकडे बघतच राहिला. "मावशी, त्यांनी सांगितलं तेच तुम्ही म्हणाला असता तर मी सोडलं असतं."

"ते कळलं मला. तुम्ही लिहा काय लिहायचं ते."

त्याने लिहिलं. ताकीद दिली, मुदत दिली, आणि जाताना म्हणाला, "दोऱ्या कुणी बांधल्यात? चांगल्या बांधल्यात." बाबांनी त्याला सलामच ठोकला, मेलं!

बाईंना पोचवून आम्ही परत निघालो. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पुलावर मध्येच म्हणाले,

"कर बदलायचा म्हणजे वर्षाचा भरावा लागेल."

"हो."

"आपण तर मेमध्ये जायचंय."

"हो."

"मग कशाला बदलायचा?"

मी गाडी बाजूला घेतली. मला चालवता येईना. म्हटलं, "अहो, खरं सांगा. तुम्हाला जायचंय का पोरीकडे?"

"मला? तुला जायचंय म्हणून मी हो म्हटलं."

"मला कुठे जायचंय! तुम्ही इथे खुर्चीत सुकत चालला होतात, तिकडे जरा बरं वाटेल म्हणून मी हो म्हटलं!"

मागचा ट्रकवाला भोंगा वाजवून दमला. आम्ही दोघं हसत बसलो होतो. मग बाबांचे डोळे भरून आले आणि म्हणाले, "तिने रंगसुद्धा आणून ठेवला असेल गं."

पहिल्या पत्रात हे लिहायला बसले होते. तुझे फोटो समोर ठेवले, तो न्हाणीघरातला दांडा पाहिला, आणि कराचंच काय ते लिहून मोकळी झाले. तुला वाटेल, आपण कमी पडलो. ते मनातसुद्धा आणू नकोस. त्या भावजयीचं रडणं मी पाहिलंय. तू तशी रडावीस अशी वेळ मला दोन-चार वर्षांनी आणायची नाही. नाही म्हणायचं तर आत्ता, धडधाकट असताना, तुझ्या तोंडावर म्हणावं.

बाबांच्या छातीचं विचारलंस. मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून विचारलं, "काय करता दिवसभर?" बाबा म्हणाले, "ट्रान्सपोर्ट." डॉक्टर हसले, म्हणाले चालू ठेवा, पण वजन उचलायचं नाही. विश्वास नसेल तर त्यांनाच फोन कर. मला ठाऊक आहे तू करशीलच.

मी काही शंभर वर्षं गाडी चालवणार नाही. एक दिवस हात कापेल, नजर जाईल. तेव्हा काय, ते तेव्हा तिघं-चौघं बसून बोलू, आणि तुझं मी ऐकेन. पण आज माझी नजर चांगली आहे. काल एका सतारवाल्याची सतार खड्ड्यांच्या रस्त्यावरून नेली. उतरल्यावर त्याने तार छेडून पाहिली आणि माझ्या पाया पडला. उद्या सकाळी एका जोडप्याचं पहिलं बिऱ्हाड आहे, चूल आणि गादी. त्यांना अजून भांडायलासुद्धा येत नाही, नुसते एकमेकांना 'तू सांग' म्हणतात. बाबा त्यांना शिकवणार आहेत म्हणे.

तू ये. दोघं या. आम्हाला न्यायला म्हणून मेमध्ये ठरवलेली रजा रद्द करू नकोस. पुढच्या बाकावर तिघं मावतात, जावईबापू मागे गाद्यांवर बसतील. आमचं एक काम बघ आणि मग काय बोलायचं ते बोल. रागाव, दोन दिवस अबोला धर, पण इथे येऊन धर.

सही करायची की नाही, ते सर्वस्वी तुझं. गाडी तुझी आहे. नाही केलीस तर तिला धुऊनपुसून, बाकं परत बसवून तुझ्या दारात आणून लावीन आणि आम्ही एखादी जुनीपानी बघू. त्यात धमकी नाही की रुसवा नाही. काम मात्र सोडणार नाही, एवढं तुला आधीच माहीत असावं.

हे पत्र बाबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं आणि पेन मागितलं. मी शेवटी लिहिलं होतं, 'आम्ही बहुतेक तिकडे राहायला येणार नाही.' त्यांनी त्यातला एकच शब्द खोडला. म्हणून ते वाक्य पुन्हा, स्वच्छ अक्षरात लिहिते.

आम्ही तिकडे राहायला येणार नाही.

तुझी, आणि तुझ्यावर जीव असलेली,
आई