जाऊबाईंना चूलबंद आवतण

लातूर, गुरुवार, संध्याकाळ

चुलत पुतण्याची बायको रविवारच्या बारशाचं सांगायला आली. माझ्यासमोर धाकट्या जाऊबाईंना म्हणाली, "तुम्हाला चूलबंद आवतण हाय." म्हणजे त्यांच्याकडं त्या दिवशी चूल पेटवायची नाही, अख्खं घर जेवायला. मला नुसतं, "काकू, तुम्ही या."

मी विचारलं, "मला का नाही चूलबंद?"

"तुम्ही एकट्याच की, काकू. एका माणसाला कुठं चूलबंद असतंय?"

कॉन्व्हेंटात सिस्टर कविता शिकवताना सांगायच्या, नुसत्या एका भागाचं नाव घेऊन अख्खी वस्तू सांगता येते. चूल म्हटली की घर. मग माझी चूल कशात मोडते? जाऊबाईंचं ते घर, आणि मी म्हणजे एक ताट? जळफळाट झाला, खोटं कशाला लिहू.

रविवारी जाईन. पण सकाळी इथं कुकर लावून, पोटभर जेवून.