तुटकीची पिल्लं

१२ डिसें., शुक्रवार
सकाळी गायरानावर. गारठा असा की मोटारसायकलचा क्लच दाबायला बोटं वाकत न्हाईत. तुटकी लांडगीण दिसली. डाव्या कानाचा शेंडा गेलेला, म्हणून तुटकी. नाव ऋ.नं ठेवलं. पोट पार खाली आलंय. मॅडम म्हणाल्या, "हा महिना संपायच्या आत विते बघ."

मॅडम पुण्याच्या संस्थेच्या, लांडग्यांचा अभ्यास करतात. त्या आणि ऋ. तीर्थपुरीत खोली घेऊन राहतात. मी गावाकडनं जाऊन-येऊन. आज दोघांसमोर म्हणाल्या, पिल्लं मोठी झाली की हंगाम संपला, मंग इथला एक माणूस संस्था पक्का घेईल. दर महिन्याला पगार, ओळखपत्र. ऋ.नं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या.

तो माणूस मीच असायला पाहिजे. जाफराबादला ऋ.च्या वडलांच्या ओट्यावर बसून "काय करतोस?"ला काहीतरी उत्तर पाहिजे. "बी.एस्सी. सोडली" हे उत्तर न्हाई.

१९ डिसें.
कॅमेऱ्यांची कार्डं बदलली. रोही, ससे, खोकड, आणि एका कॅमेऱ्यापुढं रानात बसलेले गावचे ग्रा. पं. सदस्य. ऋ. इतकी हसली की खाली बसली. मॅडम म्हणाल्या, तो फोटो पुसा.

घरी अप्पा पारावरच्या लोकांना सांगत होते, "माझा बाप लांडग्यापासून मेंढरं राखायचा. माझं पोरगं मेंढरांपासून लांडगं राखून राह्यलं." सगळे हसले. मीपण हसलो असतो, पण पिशवीत लांडग्याच्या विष्ठेच्या पुड्या होत्या आणि माय वरनं ओरडत होती की घरात आणू नको ते.

कॉलेजात सर म्हणाले होते, "जमत नसेल तर जा, मेंढरं राख." साऱ्या वर्गासमोर. मी कॉलर धरली. दुसऱ्या वर्षातच संपलं. ऋ. तेव्हा पुढच्या बाकावर होती. तिनं मागं वळून बघितलं न्हाई. नंतर तिनंच या कामाचा निरोप धाडला. दोन्ही गोष्टींचा अर्थ मी अजून लावून राह्यलोय.

४ जाने.
चार पिल्लं. चार! बिळाच्या तोंडाशी तरवडाची झाडं, त्यांच्यात काळी-करडी लोळण. टेकडीवरनं दुर्बिणीतून बघितली. ऋ.नं माझं मनगट धरलं होतं, तिच्या ध्यानात न्हाई आलं. मी हललो न्हाई.

मॅडमचा नियम परत एकदा: टेकडीच्या खाली कुणी उतरायचं न्हाई. बिळाजवळ माणसाची चाहूल लागली, वास राहिला, तर आई पिल्लं तोंडात धरून दुसरीकडं नेते. आणि या तालुक्यात दुसरीकडं म्हणजे कुणाच्या तरी मेंढरांच्या वाड्याशेजारीच. "सोमनाथ, हे तुलाच सांगते. तुझे पाय जरा जास्त चालतात."

१४ जाने., संक्रांत
ऋ.नं तिळगूळ दिला. "गोड बोल. निदान आजच्या दिवस." मंग हळूच म्हणाली, कच्छमध्ये माळरानाच्या कामाला अर्ज केलाय, फोनवर मुलाखत झाली, बहुतेक होईल. दोन वर्षं.

मी म्हणालो, इथं काय वाईट आहे?
"इथं वाईट काहीच न्हाई, सोम्या. पण मला हेच करायचंय आयुष्यभर. घरचे पुढच्या वर्षी स्थळं बघणारेत. कामावर लांब असले तर थांबतील. तूपण राहिलेली वर्षं काढ ना. बाहेरून फॉर्म भर."

मी काय बोललो लिहीत न्हाई. गोड न्हाई बोललो.

१७ जाने.
तिचा वाढदिवस २२ ला. शहरातली पोरं काय देतात? घड्याळ, केक. मी काय द्यावं जे कच्छमध्येही तिला कुणी देऊ शकणार न्हाई...

उतरलो. वाऱ्याच्या उलट्या अंगानं, वाकून. तुटकी नव्हती. पिल्लंही आत. मोबाईल धरून पडून राहिलो. पोटाखाली सराटे. काही मिळालं न्हाई.

१८ जाने.
परत गेल्तो. एक पिल्लू क्षणभर. व्हिडिओ हलला.

२० जाने.
मिळाला! चारही बाहेर. एक दुसऱ्याची शेपटी ओढतंय, तिसरं बसल्या बसल्या झोपेनं कलंडतंय, आणि चौथं सरळ माझ्याकडं बघतंय. इतक्या जवळून हे आजवर कुणी बघितलं नसेल. येताना मोटारसायकलवर गाणं म्हणत आलो.

२२ जाने.
सकाळी धाडला. निळ्या टिका लागल्या. उत्तर न्हाई. मंग फोनच आला.
"हे किती अंतरावरनं काढलंस?"
"झूम केलाय."
"खोटं नको बोलू. पिल्लाच्या मिशा दिसून राह्यल्यात."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"किती वेळा गेल्तास?"
"तुझ्यासाठी गेल्तो."
"मी सांगितलं होतं का?" आवाज चिरका झाला तिचा. "मॅडमना दाखवू का मी हे? सांग. दाखवू?"
दाखव म्हणालो. फोन आपटला. मंग मीच तिला पुसून टाक म्हणून मेसेज केला. नंतर तोही मेसेज पुसला.

तिनं दाखवला न्हाई. दिवसभर मॅडम माझ्याशी नेहमीसारख्या बोलल्या, त्यावरनं कळलं. आनंद व्हायला पाहिजे होता.

२५ जाने.
बीळ रिकामं. कालपासून हालचाल न्हाई म्हणून मॅडम स्वतः उतरल्या, मागं आम्ही दोघं. मातीत ओढल्याच्या खुणा, थोडे केस, एक चघळलेलं हाड. मॅडम गुडघ्यावर बसून बघत होत्या. "कशानं उठली असेल?" ऋ. माझ्याकडं बघत नव्हती. मी तरवडाची फुलं मोजल्यासारखं करत होतो.

कशानं म्हणजे...

३० जाने.
शोधाशोध. रोज रानोमाळ. ऋ. बोलते ते फक्त कामापुरतं. "बॅटरी." "डावीकडं." "पाणी आहे का?" पाणी दिलं तर बाटली मॅडमकडून परत.

२ फेब्रु.
मामाचा फोन. मामाची मेंढरं सध्या ओढ्याकडच्या रानात, कापूस निघालेल्या शेतात बसवलीत. कोकरं डालग्याखाली झाकून ठेवलेली. लांडग्यानं डालगं उलटं केलं.

सकाळी गेलो. मामी डालग्यापाशी बसलेली, पदर तोंडात. मामा म्हणाला, "भाच्या, त्याचा वाटा असतो, आम्हाला काय ठाऊक न्हाई का? वर्षाला एखादं त्याचं म्हणून सोडूनच देतो. पण हे लागोपाठ तिसऱ्यांदा. जवळच बसलंय कुठंतरी. पिल्लावालं आहे."

मला कळलं ती कुठं गेली. गायरानावरनं उठली आणि थेट माझ्या मामाच्या दारात.

मॅडमना सांगावं? सांगितलं तर त्या येतील, वन खातं येईल, मामाला नुकसानभरपाई मिळेल. पण मंग विचारतील, उठली कशानं. उद्या सांगतो.

३ फेब्रु.
उद्या.

५ फेब्रु.
न्हाई सांगितलं. आणि आता सांगायला काही राहिलं न्हाई.

मामाच म्हणाला, "मिटलं बाबा एकदाचं." चहा पिता पिता. ओढ्याच्या घळीत बीळ सापडलं, दगड लावले. आमच्यात लांडग्यावर हत्यार उचलत न्हाईत. दगड लावतात. मामा म्हणाला, "हातानं न्हाई मारलं. तोंड बंद केलं. पुढचं देवाचं."
"कधी लावले?"
"परवा."

पळालो. दगड मोठे होते, बाभळीच्या फांद्या वर रचलेल्या. हात फाटले. आतून काही आवाज न्हाई. मी बोलून राह्यलो होतो त्यांच्याशी, काय ते आठवत न्हाई. दगडांपुढं बाहेरून माती उकरलेली, नखांच्या खोल रेघा. तिनंपण उकरलं होतं.

तीन होती. एकमेकांत गुंतून. चौथं न्हाई. हात घालून चाचपलं शेवटपर्यंत. न्हाईच.

ऋ.ला फोन लावला. नुसता रडलो. ती म्हणाली, "तिथंच थांब. हात लावू नको कशाला. आम्ही येतो."

६ फेब्रु.
वनरक्षक आला, पंचनामा झाला. तीन पिल्लं पोत्यावर ओळीनं. मॅडमनी टोपी काढून हातात धरली होती. "चौथं आधीच गेलं असेल, किंवा तिनं बंद व्हायच्या आधी नेलं असेल. सांगता येत न्हाई."

वनरक्षकानं विचारलं, वाडा कुणाचा? मी सांगितलं, मामाचा. सगळ्यांना दिसून राह्यलंच होतं. मामा मान खाली घालून उभा. मामी मला म्हणाली, "पोटचं असतं तर असं बोट दाखवलं नसतं."

मायनं रात्री ताट वाढलं, समोर बसली न्हाई.

१० फेब्रु.
पुण्याहून संस्थेचे एक साहेब आले. पांढरे बूट. ओढ्यावर नेलं. परत येताना मॅडमना म्हणाले, पोरानं चांगलं काम केलंय, नातेवाईक असूनही नाव लपवलं न्हाई, असाच माणूस आपल्याला पक्का पाहिजे. मंग म्हणाले, खरा प्रश्न या धनगरांचा आहे. यांच्यात जागृती करायला पाहिजे, यांना कळतच न्हाई आपण काय मारतो ते.

मी ऋ.कडं बघितलं. ती खाली बघत चालली होती. ओठ आवळलेले. ती बोलणार न्हाई हे मला समजलं. आतापर्यंत बोलली न्हाई, आताही न्हाई, आणि त्याची किंमत तीच भरून राह्यली होती.

डोकं फिरलं. नेहमीसारखंच. "माझ्या मामाला शिकवू नका तुम्ही. मामानं डालग्यात कोकरं झाकली होती, दुसरं काय करणार? लांडगीण तिथं नेली मी. टेकडी उतरून गेल्तो मी, तीनदा, व्हिडिओ काढायला. म्हणून उठली ती. पिल्लं मी मारली. काय जागृती करायची ती माझ्यात करा!"

साहेब बूट बघायला लागले. मॅडम थांबल्या. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "घरी जा, सोमनाथ. मी फोन करते."

१३ फेब्रु.
फोन न्हाई.

मामाला वन खात्याच्या ऑफिसात दोनदा बोलावलं. अप्पा बरोबर जातात. मॅडमनी तिथं लेखी दिलं म्हणे, की बीळ आमच्या माणसाच्या चुकीमुळं हललं. मामानं मला काहीच विचारलं न्हाई. मीच गेलो सांगायला तर म्हणाला, "कळलं. मेंढरं पाण्यावर ने."

१४ फेब्रु.
आजचा दिवस कशाचा ते ठाऊक आहे. पुढं लिहीत न्हाई.

२१ फेब्रु.
ऋ. कच्छला गेली. जालन्याला स्टेशनवर तिचे वडील, भाऊ, आणि दोन पिशव्या भरून आईनं दिलेलं खाणं. मी बोलावलेला नव्हतो. बियाण्याच्या कंपनीची पोती उतरत होती, त्यांच्या आडोशाला उभा राहिलो. तिनं बघितलं. वडलांना काहीतरी सांगून आली.

"कशाला आलास?"
"असंच."
"मॅडमचा फोन आला?"
"न्हाई."
"येईल. न्हाई आला तरी फॉर्म भर. बाहेरून परीक्षा दे. हे काम सोडू नको, सोमनाथ."

सोमनाथ म्हणाली. सोम्या न्हाई.

मी म्हणालो, व्हिडिओ पुसलास का? ती म्हणाली, "न्हाई. बघवतही न्हाई, पुसवतही न्हाई." डोळे भरले तिचे. माझ्यासाठी की पिल्लांसाठी, विचारायची हिंमत झाली न्हाई. तिचे वडील इकडं बघायला लागले होते. त्यांनी विचारलं असतं, "काय करतोस?" तर आजही...

मनमाडला गाडी बदलायची तिला. पोचल्याचा मेसेज मला येणार न्हाई, म्हणून स्टेटस बघत बसलो.

१ मार्च
माय आज समोर बसून जेवली. एवढंच.

मामाबरोबर मेंढरांमागं जाऊन राह्यलोय. सर बरोबर बोलले होते म्हणायचं. पण मेंढरं राखणं त्यांना वाटतं तेवढं सोपं काम न्हाई, तेही त्यांना कुणी सांगायला पाहिजे.

तुटकी ओढ्यावर येते म्हणतात लोक. पहाटे ओरडते. मी ऐकलं न्हाई अजून. ऐकू नये असं वाटतं आणि रोज लौकर उठतो.

५ मार्च
परीक्षेचा फॉर्म आणला. भरला न्हाई.

९ मार्च
वरच्या ओढ्याला पाणी आटत आलंय, चिखल राहिलाय. मेंढरं पुढं, मामा बाजूला, मी मागं. चिखलात पायांचे ठसे दिसले. मोठे, लांबट, सरळ रेषेत गेलेले. आणि त्यांच्या शेजारी, कधी आत कधी बाहेर, छोटे.

बसलो. बोटं लावून बघितलं. कुत्र्याचेही असू शकतात. मामाची कुत्री व्याली आहे, तिची पिल्लं इथवर येत न्हाईत, पण गावातली मोकाट कुत्री काय कमी आहेत? मॅडम म्हणायच्या, एका पायावरनं लांडगा का कुत्रा कधीच छातीठोक सांगू नको. रेषा बघ, पुढं जाऊन बघ.

रेषा समोरच्या तरवडात जात होती. जवळच. पन्नास पावलं चाललो असतो तर कळलं असतं. खिशात मोबाईल. कच्छपर्यंत एक फोटो जायला किती वेळ लागतो. मॅडमनापण. काम परत मिळेल कदाचित.

"काय बघतो रे?" मामा.
"काय न्हाई."

उठलो. पुढं पळून मेंढरांना आडवा झालो, दुसऱ्या अंगाला वळवली.

"अरे, तिकडं चारा न्हाई, भाच्या!"
"असू द्या, मामा."

मामानं चिखलाकडं बघितलं. मंग तरवडाकडं. काठी खांद्यावर टाकली आणि माझ्या मागं आला.