वाळू गेल्यावरचा डवरा

५ एप्रिल
ओहोळाच्या डोहात मासे उलटे. रानशेत गावभर वास. दादा म्हणाला, ऊन फार झालं. चिकूवाडीचा माळी म्हणाला, वर कुणीतरी कारखान्याच्या घाण पाण्याचा टँकर सोडला. टँकरवाला भेटला तर म्हणेल, वाडीतली फवारणी. सगळे खरंच बोलतात, फक्त दुसऱ्याबद्दल.

६ एप्रिल
वहिनी हंडा घेऊन ओहोळावर. सातवा महिना. नळ आहे, पाणी नाही. मग काठाच्या वाळूत डवरा खणायचा, झिरपेल ते प्यायचं. वाळू गाळते म्हणे. पण वाळू आहे कुठे? दादाच ट्रॅक्टर भरून डहाणूला टाकतो. बोललो.
"डवऱ्यापुरती ठेवलीय की."
बायकोचं पाणी गाळणारी वाळू कुणाच्या तरी गच्चीत गेली, आणि हा दात कोरत हसतो.

९ एप्रिल
पाण्याबद्दल केलेला माझा अर्ज तालुक्याला पोचला. तिथले साहेब आले, नाकाला रुमाल. डवऱ्यात डोकावले. "पाणी तर स्वच्छ दिसतंय."
वहिनीने तांब्या पुढे केला. "घ्या ना साहेब, उन्हाचे आलात."
"आत्ताच प्यालो." गाडीत बाटल्यांचा खोका. जाताना म्हणे, पाऊस पडला की सगळं धुऊन जाईल. पावसानेच करायचं तर हा पगार कशाचा घेतो?
दादा त्यांना चिकू द्यायला धावला. लाज.

१० एप्रिल
वहिनीला म्हटलं, झरीला जा, माहेरी.
"झरीला काय दूध वाहतं, भावजी? तिथे तर पाण्याला रंग येतो."

११ एप्रिल
ऊन वाढलं म्हणून पाणी कमी. कमी पाण्यात फवारणीचं औषध दाट. वाळू नाही म्हणून अडवायला काही नाही. वर टँकर. एकेक सोसलं असतं ओहोळाने, सगळं मिळून नाही. एवढं माझ्यासारख्या नववी नापासाला कळतं. साहेबाला फक्त बाटली कळते.

१३ एप्रिल
पहाटे वरच्या वळणावर गेलो. तिथे ट्रॅक्टर उतरत नाही, वाळू शाबूत. नवा डवरा खणला, कोपरभर खोल. पाणी नितळ. वास नाही. पण टँकर सोडतात ते त्याच्याही वरच.
वहिनी आली. "छान पाणी लागलंय की." तांब्या भरून माझ्यापुढे धरला. "आधी तुम्ही, भावजी."
तोंडातून निघून गेलं, "आत्ताच प्यालो."
ती हसली नाही. तांब्या वाळूत ओतला. हंडा भरलाही नाही, उचललाही नाही. तशीच घरी गेली.
संध्याकाळी जाऊन पाहिलं. हंडा तिथेच. डवरा काठोकाठ.