खालची खिडकी

प्रिय भिंगरी,

तुझा भाचा घर सोडून निघालाय. कुठे जातोय ते त्याने सांगितलं नाही, पण या घरावर रुसलेल्या माणसाला जायला जगात एकच जागा आहे, आणि ती तुझ्याकडे. मधे मित्रांकडे मुक्काम करत, रमतगमत येईल, त्याची ती जुनी सवय. त्याच्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून कुरियरवाल्याच्या डोक्यावर बसून पाठवतेय. हे फोनवर बोलता आलं नसतं. परवा फोनवर तुझा दादा गेला एवढंच तुला सांगितलं. कसा, असं तू विचारलंस. तळघरात, असं मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला. पोरगा माझ्याशी एक अक्षर बोलत नाही. न बोलू दे. तो धड राहायला हवा, एवढंच मला आता हवंय, आणि ते तुझ्या हातात आहे.

आपली वायनरी तू आता ओळखणार नाहीस. तुझ्या वेळी घराखालचं एक तळघर, त्यात मामंजींची लाकडी पिंपं, आणि वर स्वयंपाकघरात लेबलं चिकटवत बसलेल्या आपण दोघी. खळ तुझ्या वेणीला लागायची आणि ती धुऊन द्यायची मी, अशी आपली वाटणी होती. तू गेल्यावर अंगणात सिमेंटच्या टाक्या झाल्या. शेजारच्यांची बाग घेतली, मग त्यांच्या शेजारच्यांची. स्वतःचा ट्रक आला. मामंजी गेले त्याच्या पुढच्या वर्षी स्टीलच्या टाक्या आल्या, इतक्या उंच की वरचं झाकण बघायला शिडी लागते, आणि तळघरात रस आंबवायचं आम्ही बंद केलं. मग पोरगा बांधकामाचं शिकून आला. त्याने उतारावर मोठा हॉल बांधला, वर पाहुण्यांसाठी गच्ची काढली. लोक येतात, ग्लास गरागरा फिरवतात, त्यात नाक खुपसतात आणि जुन्या कपाटाचा वास येतोय म्हणतात. तुझा दादा गंभीर चेहऱ्याने विचारायचा, आमच्या कपाटात डांबराच्या गोळ्या असतात, त्यांचाही येतोय का? नाकापेक्षा मोती जड झाला होता खरा, पण तो त्या मोत्यावर खूश होता. दरवर्षी तुला पहिली बाटली पाठवायचा. तू त्या उघडत नाहीस हे त्याला ठाऊक होतं. तरी पाठवायचा.

तळघर मात्र तसंच राहिलं. तुला त्याबद्दल मी काय सांगणार, तू तिथेच वाढलीस. पण मला क्रमाने लिहू दे, नाहीतर मधेच धीर सुटेल. रस आंबायला लागला की त्यातून हवा सुटते, ती जड असते, आणि पाण्यासारखी जमिनीलगत साचते. दिसत नाही. उभ्या माणसाला काही होत नाही आणि तोच वाकला की उठत नाही. म्हणून मामंजींचे नियम होते. आधी कंदील गुडघ्याखाली धरून उतरायचं, तो विझला तर मागे फिरायचं. दारात एक माणूस उभा ठेवायचा. आणि उतारावरची खालची खिडकी रोज सकाळी उघडायची, म्हणजे ती हवा तिकडून ओघळून जाते. खिडकी कसली, मांजर जाईल एवढं जमिनीलगतचं भोक आणि त्याला लाकडी झडप. ते काम तुझं होतं. तू त्यात फार टंगळमंगळ करायचीस असं तुझा दादा म्हणायचा.

आणि शेवटचा नियम, ज्यावरून पुढे मोठी झाल्यावर तू घर सोडलंस. खाली कोणी पडलं, तर दारातल्या माणसाने उतरायचं नाही आणि कोणाला उतरू द्यायचं नाही.

तुमचा थोरला भाऊ तळघरात पडला आणि गेला, तेव्हा मी या घरात आले नव्हते. पण तुझ्या दादाने मला ते इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे होते असंच वाटतं. दारात मामंजी होते. दादाने खाली झेप घेतली आणि त्यांनी त्याला मागून कंबरेला धरून भिंतीवर दाबून ठेवलं. पोटचा पोर खाली पडलेला, आणि बाप जागचा हलला नाही. कामाची माणसं आल्यावर दादाला त्यांच्या ताब्यात दिलं आणि मगच ते उतारावर खिडकीकडे धावले. तू हे जिन्यातून पाहिलंस. त्यानंतर तू त्यांना बाबा अशी हाक मारली नाहीस, ते गेले तेव्हा शेवटचं बघायलाही आली नाहीस. त्यांनी कधी स्वतःची बाजू मांडली नाही.

माझ्या पहिल्या हंगामात त्यांनी तळघराची किल्ली मला दिली, तेव्हा तू किती फुरंगटलीस! कालची आलेली सून आणि तिच्या कमरेला किल्ली. दोन दिवस माझ्याकडून वेणी घालून घेतली नाहीस. ती किल्ली मानाची नव्हती गं. मामंजी म्हणाले होते, रक्ताचं माणूस थांबत नाही. तू बाहेरून आलीस, तू थांबशील. ही चोरांसाठी नाही, आपल्याच माणसांसाठी आहे. मी बाहेर येऊन हसले होते. पण त्यानंतर तळघर चालू होतं तोवर प्रत्येक हंगामात त्या दाराशी खुर्ची टाकून बसले, की खालून कोणाचा तरी आवाज येईपर्यंत मी किल्ली मुठीतून सोडायची नाही.

यंदा पाहुण्यांच्या हौसेखातर तळघरात पुन्हा रस आंबवायचं ठरलं. जुन्या पद्धतीची वाईन म्हणून तिला भाव येणार होता. नव्या हॉलमध्ये ती हवा मोजायचे मीटर आहेत, धोक्याची घंटा आहे. तळघरात काही नाही, कारण हॉल बांधला तेव्हा ते नुसतं दाखवायचं होतं, वापरायचं नव्हतं. आणि हॉल बांधताना त्याची मागची भिंत बरोबर त्या खिडकीवर आली होती. पोरग्याला ते भोक इतकं खाली का ठेवलंय ते माहीतच नव्हतं. त्याने ते विटांनी बुजवलं आणि त्याऐवजी छतापाशी चांगला महागाचा पंखा बसवला. चुलीचा धूर जसा वरून जातो तशी ही हवाही जाईल असं त्याला वाटलं. मी तुझ्या दादाला बोलले. तो म्हणाला, पंखा आहे की आता, तू पण काय. मी खुर्ची घेऊन दाराशी बसले तर दोघांनी मिळून मला दारवान म्हणून सलाम ठोकला. कंदील वर पाहुण्यांच्या काचेच्या कपाटात घासूनपुसून ठेवलाय.

मंगळवारी सकाळी तुझा दादा शीळ घालत खाली गेला. दिवा लावला. पंखा चालू होता, त्याचा आवाज येत होता. पिंपाच्या तोटीशी वाकला आणि तसाच खाली बसला, बुटाची नाडी बांधायला बसावं तसा. मी हाक मारली. परत मारली. माझ्या ओरडण्याने पोरगा धावत आला, त्याच्यामागे कामावरचे दोघं, आणि तिघंही थांबणाऱ्यातले नव्हते. मी दार ओढलं, किल्ली फिरवली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. पोरगा आधी ओरडला, मग पाया पडला, मग त्याने माझं मनगट पिरगाळलं. ते अजून सुजलेलं आहे, आणि सूज उतरू नये असं मला वाटतं. मुखवटे घातलेले अग्निशमनवाले येईपर्यंत मी किल्ली सोडली नाही. माझा नवरा माझ्या पाठीमागे होता, भिंगरी. एका दाराच्या अंतरावर. पोराने मला विचारलं, तू त्यांची बायको आहेस की कोण आहेस?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तो आला की तू पहिला प्रश्न काय विचारशील ते मला माहीत आहे. खालची खिडकी उघडी होती का? तो विचारू नकोस. त्याला ते अजून सुचलेलं नाही. बाप आईमुळे गेला, एवढंच त्याच्या डोक्यात आहे, आणि सध्या ते तसंच असू दे. पुढे कधीतरी कळेल, तेव्हाचं तेव्हा. माझ्यावर रागावून तो जगेल. स्वतःवर रागावला, तर त्याला अडवायला माझ्याकडे दुसरं दार नाही. तू म्हणशील, असं खोट्यावर माणूस उभा राहतो का? राहतो. किल्ली देताना मामंजींनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि ती तुला कधी सांगायची नाही असं वचन घेतलं होतं. थोरला पडला त्या सकाळी ते उतारावर धावत गेले, तेव्हा झडप बंद होती. त्यांनी ती उघडली, आणि वर येऊन सगळ्यांना सांगितलं की ती उघडीच होती. तू लहान होतीस. मला माफ कर. तू आता पन्नाशी ओलांडलीस, तुला पेलेल, त्याला आत्ता पेलणार नाही. आला की आधी जेवायला घाल. मला नावं ठेवायला लागला की तूही दोन ठेव.

तुझीच,
वहिनी