तीन हिवाळे पाच वर्षांची

प्रिय आनेलीज,

तीन घरं पलीकडे राहणाऱ्या बाईला कुणी पत्र लिहितं का? पण तुझ्या दारात उभी राहिले असते, तर तू दार अर्धंच उघडून "काय हवंय, रोस्विता?" असं विचारलं असतंस, आणि मी "काही नाही, चार अंडी आहेत का" असं काहीतरी बरळून परत फिरले असते. गेली आठ वर्षं आपलं असंच चाललंय. म्हणून पत्र. आज सकाळपासून तो दक्षिणेचा गरम वारा सुटलाय. स्कीवाल्यांना डोंगरावर ओढून नेणारा दोरखंड इतका हेलकावे खातोय की लिफ्ट बंद ठेवावी लागली. मी फाटकाजवळच्या खोपटात बसून आहे. पगार चालू, काम नाही. या वाऱ्यात आपल्या खोऱ्यात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं हे तुला ठाऊक आहे. मी तीनदा शेगडी पेटवली, तीनदा विझवली, दोन कागद फाडले. तेव्हा वाक्यं इकडची तिकडे झाली तर सांभाळून घे.

तुझ्या व्रेनीबद्दल लिहायचंय. घाबरू नकोस, तिला काही झालेलं नाही. निदान हाडं सगळी शाबूत आहेत.

तुझी मुलगी तीन हिवाळे पाच वर्षांची आहे. पहिल्या वर्षी तू तिला फाटकावर घेऊन आलीस, मी नेहमीप्रमाणे वय विचारलं, आणि तू माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणालीस, "पाच." सहाच्या आतल्यांना फुकट, हा नियम. आणि ती सहाची झालेली होती हे मला तिच्या बापाइतकंच ठाऊक होतं. ती जन्मली त्या दिवशी गावाची घंटा वाजली तेव्हा मी लाकडं फोडत होते. मी म्हटलं, "पाच का? बरं," आणि दांडा उचलला. दुसऱ्या वर्षी तू तिला भावाचं जुनं, मोठं जाकीट घातलंस, म्हणजे ती त्यात बुडून लहान दिसावी. या वर्षी मात्र कमाल झाली. पोरीचे पुढचे दोन्ही दात पडले आणि तू तिला सांगून ठेवलंस, फाटकावर तोंड मिटून राहायचं. ती बिचारी ओठ घट्ट मिटून, नाकाने श्वास घेत माझ्यासमोर उभी राहायची, आणि मी एखाद्या मुक्या पोरीकडे बघावं तसं तिच्याकडे बघत दांडा उचलायचे. मला हसू यायचं. मग ती वर गेली की हसू जायचं आणि दिवसभर काहीतरी टोचत राहायचं.

तू मला फसवतेस याचा राग नव्हता. दोन पोरं, तुझ्या हेर्बर्टचं बांधकामावरचं काम थंडीत बंद, आणि एका पोराचा हंगामाचा पास म्हणजे तुमचा महिन्याचा किराणा. हिशोब मलाही येतो. टोचायचं ते वेगळंच. ही लिफ्ट आपल्या बापांनी उभी केली. घरटी एक माणूस, गवत कापून झालं की फावडं घेऊन हजर. तुझ्या बाबांनी खांबांचे खड्डे खणले, माझ्या बाबांनी जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन आणून बसवलं. तेव्हा गावच्या पोराला तिकीट विचारायचं हे कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नव्हतं. आपल्याकडे स्कीची एकच जोडी होती, आठवतं? तुझ्या चुलतभावाची, दोघींच्या पायांना मोठी. एक फेरी तू, एक फेरी मी. जिची पाळी नसे तिने खाली उभं राहून पाय आपटत थंडी काढायची आणि वरचीला शिव्या घालायच्या. तू मुद्दाम हळू उतरायचीस. अजून माफ केलेलं नाही.

मग ग्रामपंचायतीने लिफ्ट खालच्या कंपनीला विकली. नवा दोर आला, नवे दिवे आले, डोंगरावर हॉटेल आलं, आणि कंपनीने गावातल्या एका बाईला फाटकावर नोकरी देऊ केली. आपण दोघींनी अर्ज केला. तुझ्या पोटात व्रेनी होती. मला नोकरी मिळाली. मी कुणाची शिफारस लावली नव्हती, हे तुला तेव्हाही सांगितलं होतं आणि तू तेव्हाही ऐकलं नव्हतंस. खरी गंमत अशी की या नोकरीत कुटुंबातल्या एका मुलाला पास फुकट मिळतो. मला ना नवरा ना पोर. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, तशी आपली गत. पुढे व्रेनीच्या बाप्तिस्म्याला तू मला बोलावलंस, पण मागच्या बाकावर. पोरीची दुसरी आई, धर्ममाता म्हणून वेदीपाशी उभी राहिली हेर्बर्टची बहीण, जी लिंझहून सकाळी आली आणि संध्याकाळी गेली आणि नंतर कॅनडात जाऊन बसली. मी त्या बाकावर बसून तुझ्या पोरीचं रडणं ऐकलं. घरी गेले आणि तिच्यासाठी विणलेलं पांढरं झबलं उसवून टाकलं. त्या लोकरीचे मोजे केले, अजून घालते. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

इथे बसून माणूस काय काय बघतो. परवा जर्मनीहून आलेलं एक कुटुंब होतं. दोन भाऊ, तिकीट एक, लाल टोपी एक. थोरला खाली आला की खोपटामागे जाई आणि तीच लाल टोपी घालून धाकटा बाहेर येई, एक वीत बुटका होऊन. आईबाप बाकावर बसून रुमालात बांधून आणलेला पाव खात होते, कारण वरच्या हॉटेलात सूप प्यायचं तर आणखी एका पोराचं तिकीट गेलं असतं. बाप स्कीकडे बघतसुद्धा नव्हता. त्याला आवडत नसेल असं नाही; बुटांवरून कळत होतं की माणूस एके काळी चांगला खेळायचा. मी दोघांसाठीही दांडा उचलला. आपल्या लोकांना आपलाच डोंगर परवडत नाही, तर त्यांच्या टोपीला मी काय नावं ठेवू?

आता बुधवारचं सांगते. तू शेजारच्या गावी कामाला गेली होतीस, व्रेनी शाळा सुटल्यावर एकटीच आली. नेमका त्या वेळी कंपनीचा तपासनीस खोपटात हात शेकत बसला होता. तो तसा वाईट माणूस नाही, पण नियमाला एक इंच सोडत नाही. मागे रांग होती. मी सवयीने विचारलं, किती वर्षांची? आणि तुझ्या पोरीने तोंड उघडलं, दोन दातांची खिडकी उघडी टाकली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी म्हणाली,

"आठ."

मला वाटलं ती चुकली. मी वाकले आणि हळूच म्हटलं, "पाच म्हण गं." आनेलीज, मी म्हटलं. तुझ्या मुलीला खोटं बोलायला आता मीच शिकवत होते.

ती म्हणाली, "नाही रोसीमावशी. रविवारी शाळेची शर्यत आहे. पाचवाल्यांना खालच्या खाली, दोन काठ्यांमधून सोडतात. आठवाल्यांना वरून. बाईंनी माझं नाव आठमध्ये घातलंय. मग मी इथे पाच कशी होऊ?"

बाईंनी शाळेच्या दारावर यादी लावली आहे, तू पाहिली असशील. जन्मसालासकट. तपासनीस कान देऊन ऐकत होता. मी म्हटलं, मग तिकीट लागेल. ती म्हणाली, माहीत आहे. रडली नाही, हुज्जत घातली नाही. फाटकातून बाजूला झाली, स्की काढल्या, खांद्यावर टाकल्या आणि उताराच्या कडेने, झाडांच्या ओळीला धरून पायी वर चढायला लागली.

गुडघाभर बर्फात. त्या थोराड बुटांनी. लोक लिफ्टला लटकून तिच्या शेजारून सुळकन वर जात होते. कुणी हसत होतं, कुणी टाळ्या वाजवत होतं, एक म्हातारा चक्क टोपी काढून गेला. ती कुणाकडे बघत नव्हती. वर पोचली, स्की घातल्या, खाली आली. उतरताना, खरं सांगते, तुझ्यासारखी मुळीच नाही. तू नेहमी मागे रेलायचीस. ती पुढे झुकते, वळणावर खांदा आत घेते, आणि बर्फाचा आवाजसुद्धा होत नाही. खाली आली आणि माझ्यासमोरून जाताना म्हणाली, "नमस्कार, मावशी." पुन्हा स्की खांद्यावर, पुन्हा वर. उजेड होता तोवर तिचं हेच चाललं होतं. मी दांडा उचलत होते, पाडत होते, तिकिटं टोचत होते, आणि एक डोळा त्या झाडांकडे. एका माणसाच्या तिकिटाऐवजी मी माझं बोट टोचलं. काल, गुरुवारी, पुन्हा तेच. घरी आल्यावर ती जेवता जेवता झोपली असेल. मला खात्री आहे तिने तुला यातलं काही सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर तू तिला शर्यतीला जाऊ देणार नाहीस, अशी तिला भीती आहे. पाचचं खोटं उघडं पडलं म्हणून तू ओशाळशील आणि ओशाळलीस की तू चिडतेस. ही तिची समजूत, माझी नव्हे. पण पोर हुशार आहे.

शर्यत ती पायी चढून करू शकत नाही. सरावाला चाललं. रविवारी दोन फेऱ्या असतात, मध्ये वेळ नसतो, आणि दुसऱ्या फेरीला ती वर पोचेपर्यंत पाय लाकडाचे झालेले असतील. दमलेल्या पायांनी उतारावरच्या वळणावर माणूस कसा आपटतो हे आपण दोघींनी पाहिलंय. 

एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगायलाच हे सगळं लिहिलं. ती पहिल्यांदा चढत होती तेव्हा तपासनीस खिडकीपाशी येऊन म्हणाला, "हट्टी दिसते. कुणाची पोर?" आणि माझ्या तोंडून गेलं, "माझी." तो बघत राहिला, तेव्हा मी सावरून घेतलं, "म्हणजे धर्मकन्या माझी." तो म्हणाला, "मग बाई, आठ वर्षं तुमची मुलाची जागा रिकामी का? आपल्याकडे धर्मकन्या घरचीच धरतात. शनिवारी दुपारपर्यंत पाद्रीबाबांची चिठ्ठी आणून द्या, संध्याकाळी पास घेऊन जा." उद्या शनिवार. येत्या वसंतात व्रेनीचा पहिला ख्रिस्तप्रसाद आहे, तिच्यामागे मेणबत्ती घेऊन कुणीतरी उभं राहायला हवं, आणि कॅनडाहून कुणी येणार नाही हे तुलाही ठाऊक आहे. पाद्रीबाबा तू सांगितलेलं नाव लिहितील, माझं सांगणं त्यांना चालणार नाही. ही भीक नव्हे, आनेलीज, आणि उपकारही नव्हे. पास तर आहेच, पण पास नसता तरी मी हे मागितलं असतं, फक्त आणखी आठ वर्षं धीर झाला नसता. मला ती हवी आहे. मागच्या बाकावरून बघून बघून मी कंटाळले. तुझं खोटं मी तीन हिवाळे चालवून घेतलं; माझं हे एकच आहे, तेवढं उद्या सकाळी पाद्रीबाबांकडे जाऊन खरं करून टाक.

तुझीच,
रोसी